खिशातल्या मोडेमची कुळकथा



गेल्या पावसाळ्यात मी एका गावच्या शाळेत गेलो होतो. वर्गात लॅपटॉप होता, भिंतीवर पांढरा पडदा होता. पण गावात येणारी केबल रस्त्याच्या खोदकामात तुटलेली होती. मुलांना चंद्रावर उतरलेल्या यानाची चित्रफीत दाखवावयाची होती. गुरुजींनी खिशातला मोबाइल काढला, त्यावर दोन ठिकाणी बोट लावले आणि तो खिडकीत ठेवून दिला. मिनिटभरात पडद्यावर चित्र हलू लागले. मुलांना त्यात काही नवल वाटले नाही. मला मात्र वाटले. कारण हे दोन बोटांचे काम साधण्यासाठी जवळजवळ अर्धशतक खटपट झाली आहे. आणि त्या खटपटीत नुसती यंत्रविद्या नाही, हक्काचे भांडणही आहे. पैसे भरून घेतलेल्या तारेवर सत्ता कोणाची, घेणाऱ्याची की देणाऱ्याची, असे ते भांडण. ही हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डीमॉड्युलेटर’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘मोडेम’ हा शब्द झाला. याचे काम हमालाचे आहे. अलीकडे माल गाडीवर चढवावयाचा, पलीकडे उतरवून घ्यावयाचा. माल म्हणजे संगणकातील शून्य आणि एक हे आकडे. गाडी म्हणजे एखादा सूर किंवा लहर. हे काम आपणांस परके नाही बरं का! आकाशवाणीवरचे भाषण तुमच्या ओसरीपर्यंत येते ते याच रीतीने. बोलणाऱ्याचा आवाज एका वाहक लहरीवर चढवितात, ती लहर रानावनातून धावते आणि तुमचा रेडिओ तिच्यावरून आवाज उतरवून घेतो. फरक एवढाच की रेडिओ फक्त उतरवून घेतो. मोडेमला चढविणे आणि उतरविणे अशी दोन्ही कामे करावी लागतात.

टेलिफोन १८७६ साली निघाला तो माणसाच्या बोलण्यासाठी. बोलणे समजावे एवढ्यापुरतेच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचे सूर त्या तारेतून जात. पुढे संगणक आले. एका गावच्या संगणकाला दुसऱ्या गावच्या संगणकाशी बोलावयाचे झाले तर नवी तार कोठून आणावयाची? तेव्हा जी तार आहे तीच वापरावी, संगणकालाच शीळ घालावयास शिकवावे, अशी युक्ती निघाली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी रडारची माहिती टेलिफोनच्या तारांवरून संगणकापर्यंत नेण्याची व्यवस्था झाली. तिच्यातून १९५८ च्या सुमारास ‘बेल १०१’ हा मोडेम आणि १९६२ साली ‘बेल १०३’ हा मोडेम पुढे आला. या दुसऱ्या मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट होता. शून्यासाठी एक सूर, एकासाठी दुसरा सूर. आणि उलट दिशेच्या बोलण्यासाठी आणखी दोन सूर. बस्स, एवढीच त्याची भाषा.

आता भांडणाकडे येऊ. त्या काळी अमेरिकेत टेलिफोनची तार, पेटी आणि कानाला लावावयाचे यंत्र ही सारी एकाच मोठ्या कंपनीच्या मालकीची असत. गिऱ्हाईकाने त्याला परकी वस्तू जोडावयाची नाही, असा दंडक होता. तोंडाशी बसवावयाची एक साधी वाटी, बोलणे शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून केलेली, तिलाही कंपनीने हरकत घेतली होती. १९५६ साली न्यायालयाने निकाल दिला की या वाटीने कंपनीचे काही बिघडत नाही. त्यानंतर टेक्सासमधील टॉमस कार्टर या गृहस्थाने ‘कार्टरफोन’ नावाचे यंत्र केले. तेलाच्या विहिरींवर आणि दूरच्या कुरणांवर काम करणाऱ्यांजवळ बिनतारी यंत्रे असत, पण टेलिफोन नसे. कार्टरच्या यंत्राच्या खोबणीत टेलिफोनचा रिसीव्हर ठेवला की बिनतारीवरचा माणूस टेलिफोनवर बोलू शके. कंपनीने पुन्हा हरकत घेतली. प्रकरण सरकारी दूरसंचार आयोगापुढे गेले आणि १९६८ साली निर्णय झाला की तारजाळ्याला इजा होत नसेल तर गिऱ्हाईकाला आपले यंत्र जोडता आले पाहिजे.

हा निर्णय रानात काम करणाऱ्या माणसाच्या गरजेतून आला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आडबाजूची माणसे अडचण सोसतात आणि तिच्यातून निघालेली वाट पुढे सर्वांना उपयोगी पडते, असे इतिहासात पुष्कळदा घडले आहे. या निर्णयाने निरनिराळ्या कारखान्यांच्या मोडेमना दार उघडले. १९८१ साली हेझ कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ आला. त्याला संगणकाने हुकूम द्यावयाचा तो ‘ए-टी’ या दोन अक्षरांनी सुरू करावयाचा. म्हणजे ‘अटेन्शन’, आपल्या कवायतीतले ‘सावधान’! ही दोन अक्षरे ध्यानात ठेवा. ती पुन्हा भेटतील.

आपल्या देशात हे वारे थोडे उशिरा पोहोचले, आणि त्याचे कारण उघड होते. ज्या देशात टेलिफोन मिळावा म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, ट्रंक कॉल लावून तासन् तास बसावे लागे, तेथे त्या तारेवर संगणकाने बोलावे हा विचार कोणाला सुचणार? तरीही प्रारंभ झाला, आणि तो मुंबईत झाला. शिक्षण आणि संशोधनाच्या संस्था जोडण्यासाठी १९८६ साली ‘अर्नेट’ हा उपक्रम हाती घेण्यात आला. त्यातले पहिले टपाल मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवरून गेले. ‘सी-डॉट’ या संस्थेने खेड्यांसाठी बनविलेले पहिले स्वयंचलित एक्स्चेंज कर्नाटकातील कित्तूर येथे बसले तेही १९८६ सालीच. एकीकडे खेड्यात टेलिफोन पोहोचत होता आणि दुसरीकडे त्याच तारेला संगणक जोडला जात होता. पुढे पिवळ्या रंगाची एस. टी. डी. बूथ आली आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

ज्यांनी त्या काळी शहरात इंटरनेट पाहिले असेल त्यांना मोडेमचा तो आवाज आठवत असेल. आधी नंबर फिरविल्याचे टकटक, मग पलीकडून लांब शीळ, मग दोन्हीकडची किरकिर आणि शेवटी खरखर. दोन मोडेम एकमेकांना विचारीत असत, ‘तुझी चाल कोणती? तार बरी आहे का? किती वेगाने जाऊ या?’ ठरले की आवाज बंद. घरातल्या कोणी दुसऱ्या खोलीत फोन उचलला की सगळे मुसळ केरात!

हा वेग किती होता ते हिशेबाने पाहू. आजच्या मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो तीन मेगाबाइटचा धरा. म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख बिट झाले. सेकंदाला ३०० बिट नेणाऱ्या १९६२ च्या मोडेमला तो पाठवावयास बावीस तासांहून अधिक वेळ लागला असता. तारेवरच्या मोडेमचा शेवटचा पल्ला १९९८ च्या सुमारास ५६ हजार बिटांपर्यंत गेला. त्यालाही सात मिनिटे लागली असती. गुरुजींनी हा हिशेब वर्गात फळ्यावर करून दाखवावा; भागाकारही होईल आणि इतिहासही.

आता तार सोडून हवेत जाऊ. भारतातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतील दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. युरोपात त्या वेळी ‘जी. एस. एम.’ पद्धतीचे मोबाइल सुरू होऊन चार वर्षे झाली होती. तिथल्या काही हौशी आणि गरजू माणसांना वाटले, फोन खिशात आहे, संगणक पिशवीत आहे, मग दोघांची गाठ का घालू नये?

पण येथे एक मोठी गंमत झाली. जुन्या तारेवर मोडेमची शीळ सरळ जात असे. नव्या मोबाइलमध्ये ती जाईना! कारण हा फोन आवाज जसाच्या तसा पाठवीत नाही. माणसाचा गळा कसा बोलतो याचा अंदाज बांधून तो आवाजाचा सारांश पाठवितो. माणसाच्या बोलण्यासाठी ते ठीक. पण मोडेमची शीळ म्हणजे काही माणसाचे बोलणे नव्हे. तिचा सारांश केला की आकडे बिघडतात. तेव्हा निराळी सोय केली गेली. संगणकाचे आकडे फोनने आकडे म्हणूनच हवेतून न्यावयाचे, आणि जुन्या तारेवर शीळ घालणारा खरा मोडेम मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये बसवावयाचा. म्हणजे लोक म्हणत ‘माझा मोबाइल मोडेम झाला’, पण शीळ घालणारा दुसराच, कोसभर दूर बसलेला! वेग होता सेकंदाला ९६०० बिट, आणि पैसे मिनिटावर. तुम्ही पत्र वाचीत बसा की डुलकी घ्या, घड्याळ चालूच.

हा मिनिटांचा जाच संपला तो ‘जी. पी. आर. एस.’ या नव्या रीतीने. ती या शतकाच्या आरंभी जगभर आणि आपल्याकडेही आली. ट्रंक कॉल आणि टपाल यांत जो फरक, तोच जुन्या आणि नव्या रीतीत. ट्रंक कॉल लागला की सारी तार तुमच्यासाठी अडून राहते. टपालाचे तसे नाही. तुमचे पाकीट, माझे पाकीट, सगळ्यांची पाकिटे एकाच थैलीतून जातात आणि आकार पडतो तो वजनावर. माहितीचे अशाच छोट्या पाकिटांत तुकडे करावयाचे ठरले आणि बिल मिनिटांऐवजी किलोबाइटवर येऊ लागले.

तरी संगणक मात्र जुन्याच समजुतीत होता. त्याला वाटे, फोन म्हणजे मोडेम, आणि मोडेम म्हटला की नंबर फिरविला पाहिजे. म्हणून एक खोटा नंबर ठरविण्यात आला: ‘*९९#’. पलीकडे हा नंबर कोणाचाच नाही. फोनने तो ऐकावयाचा आणि समजावयाचे की इंटरनेटचे दार उघडावयाचे आहे. त्या नंबराआधी संगणक काय पाठवी? तीच दोन अक्षरे, ‘ए-टी’! १९८१ सालचा ‘सावधान’ हा हुकूम मोबाइलच्या पोटातला मोडेम अजूनही ओळखतो. गावाचा रस्ता डांबरी झाला तरी वळणे जुन्या बैलगाडीच्या वाटेचीच राहतात, तसे हे आहे. आपल्याकडे २००२ च्या अखेरीस सी. डी. एम. ए. पद्धतीचे स्वस्त फोन मोठ्या प्रमाणावर आले. त्यांना केबल लावून ‘#७७७’ फिरविले की इंटरनेट लागे. कित्येक तालुक्यांच्या गावी माणसांनी पहिले इंटरनेट पाहिले ते याच केबलवर.

फोन आणि संगणक यांना जोडणाऱ्या दोरीचीही हकीकत आहे. आधी केबल. मग दोघांचे लाल काचेचे डोळे समोरासमोर धरून अदृश्य उजेडाने बोलावयाचे. टेबलाला धक्का लागला की बोलणे तुटे. मग ब्ल्यूटूथ. दहाव्या शतकातील हॅराल्ड या डेन्मार्कच्या राजाचे टोपणनाव त्याला दिले आहे. या राजाने वेगवेगळ्या टोळ्या एका छत्राखाली आणल्या, तशी ही लहर वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणते, म्हणून. इंग्रजीत या साऱ्या जोडणीला ‘टेदरिंग’ म्हणतात. टेदर म्हणजे गुराला बांधावयाचे दावे. लॅपटॉप हे गुरू, फोन ही मेख! आपल्या शेतकरी श्रोत्यांना हा शब्द समजावून सांगावयास नको.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. २०१२ साली आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरावयाचे होते. शेवटचा दिवस आला आणि कार्यालयातले इंटरनेट बंद. मी आणि तीन विद्यार्थी गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीवर फोन ठेवला, केबल लावली. अर्ज अगदी शेवटच्या पानावर आला आणि आमच्या मामांचा फोन वाजला, ‘अरे, एस. टी. किती वाजता आहे?’ झाले! त्या जुन्या रीतीत बोलणे सुरू झाले की माहितीची पाकिटे थांबत. अर्ज पुन्हा पहिल्यापासून. त्यातल्या एका मुलीचा अर्ज रात्री पावणेबाराला गेला. ती आज शिक्षिका आहे. तो अर्ज गेला नसता तर तिचे ते वर्ष कसे निघाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. ज्याला आपण तांत्रिक अडचण म्हणतो ती कोणाच्या तरी घरात वर्षभराच्या फीची अडचण असते.

पुढे दोरीही गेली. कमी अंतरावरची वायफाय लहर वापरण्यासाठी आपल्या देशात लागणारा परवाना २००५ साली उठला होता. २०१० साली अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीत फोनलाच वायफायचे छोटे केंद्र बनविण्याची सोय आली. आयफोनमध्ये ती २०११ साली आली. हाच आपला ‘हॉटस्पॉट’. आता फोन नुसता मोडेम राहिला नाही, तो टपाल कचेरी झाला.

ती कशी? मुंबईच्या गिरणगावातली जुनी व्यवस्था आठवा. कोकणातून, घाटावरून आलेली दहा-बारा माणसे एका खोलीत राहत. गावाकडून पत्र येई ते खोलीच्या पत्त्यावर, ‘केअर ऑफ’ अमुक अमुक. खोलीतला वडीलधारा माणूस ज्याचे पत्र त्याला देई. हॉटस्पॉटमध्ये फोन हेच करतो. बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो एका फोनचा. आत कोणते पाकीट लॅपटॉपचे, कोणते दुसऱ्या फोनचे, याची वही तो ठेवतो. ही युक्ती १९९४ साली मांडण्यात आली, कारण इंटरनेटच्या मूळ योजनेत पत्ते फक्त सुमारे ४२९ कोटी होते आणि ते पुरणार नाहीत हे दिसू लागले होते. टंचाईवरचा हा उपाय आज आपल्या वर्गात उपयोगी पडतो आहे.

आणि येथे जुने भांडण पुन्हा उभे राहिले. अमेरिकेतील काही कंपन्या म्हणू लागल्या, ‘तुम्ही फोनसाठी इंटरनेट घेतले आहे, त्यावर लॅपटॉप जोडावयाचा तर वेगळे पैसे द्या.’ २०१० साली एका मोठ्या कंपनीने यासाठी महिना २० डॉलर जास्त आकारले. आणि त्या पैशात जादा माहिती मुळीच नव्हती! लॅपटॉप जोडला आहे हे त्यांना कळण्याच्याही खुणा असतात. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतल्या दर नाक्यावर तो एकाने कमी होतो. फोनमागून आलेले पाकीट एक नाका जास्त ओलांडून येते. ६४ च्या जागी ६३ दिसले की चोर सापडला! पण चोर कसला? मी विकत घेतलेले पाणी मी तांब्यातून प्यालो काय आणि पेल्यातून प्यालो काय! २०१२ साली तेथील दूरसंचार आयोगाने हे प्रकरण हाती घेतले. व्हेरिझॉन कंपनीने परवान्याच्या अटी असतानाही टेदरिंगचे अॅप अडविण्यास लावले, असा आक्षेप होता. कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड केली. १९६८ च्या कार्टरला जे मिळाले तेच पुन्हा मागावे लागले. आपल्याकडेही ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, इंटरनेटवर काय पाहता यावरून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. प्रश्न वेगळा, पण मूळ तेच.

त्याच वर्षी सप्टेंबरात चौथ्या पिढीची स्वस्त सेवा सुरू झाली आणि माहितीचे दर कोसळले. मग २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या कुशीत मुले सिग्नलसाठी डोंगर चढून जात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज अकरानंतर गायब होई. चौकशी केली तेव्हा कळले, घरात फोन एकच. वडील अकराला तो घेऊन शेतावर जात. फोन शेतावर गेला की त्याची शाळा बुडे. शेवटी शेजारच्या घरातल्या काकूंनी आपला हॉटस्पॉट सुरू ठेवून जुन्या लॅपटॉपवर त्याला बसविले. परीक्षेपर्यंत तो त्यांच्याच ओट्यावर होता.

श्रोते हो, या हकीकतीतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की यंत्रात सोय असली तरी ती वापरण्याची मोकळीक आपोआप मिळत नाही. ती कोणीतरी मागावी लागते, प्रसंगी भांडावी लागते. दुसरी ही की एका जोडणीवर दुसऱ्याला वाटा देता येतो. विहिरीवर मोट असली तर शेजाऱ्याचे चार वाफे भिजविण्याची रीत आपल्याकडे होतीच. मात्र वाटा देताना सावध असावे. हॉटस्पॉटला परवलीचा शब्द ठेवावा, काम झाले की तो बंद करावा, उन्हात फोन तापू देऊ नये आणि आपल्या योजनेत किती माहिती उरली आहे ते पाहावे.

आणि गुरुजी, पुढच्या वेळी खिडकीत फोन ठेवाल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा, की या दोन बोटांच्या कामामागे टेक्सासच्या रानातला एक माणूस आहे, पवईची एक तार आहे आणि अर्ज वेळेत जावा म्हणून गच्चीवर बसलेली कितीतरी मुले आहेत.